सतरा आटे आणि पाच पुडे

मला गाडीतलं काही कळत नाही, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

गाडी एकोणीस वर्षांची. खड्ड्यातून गेली की पुढच्या डाव्या चाकातून टकटक वाजायची. मेकॅनिकने टाय रॉडचं टोक झिजल्याचं सांगितलं. स्टिअरिंग फिरवलं की चाक वळवतो तो दांडा, त्याच्या टोकाचा सांधा. तो म्हणाला, गाडी सोमवारी आणा. पण रविवारी तर दिंडोरीला जायचं होतं! आमच्या मृणालचं जवळजवळ जमलं होतं, आणि मुलाच्या घरी आम्ही पहिल्यांदाच निघालो होतो. टकटक करत व्याह्यांच्या दारात जायचं? छे! मी नवीन टोक विकत आणलं, मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि रविवारी सकाळी सहा वाजता म्हसरूळच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक लावला. (बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत फायलींना टॅग बांधलेल्या माणसाला पाना हातात आल्यावर काय वाटतं, ते शब्दांत सांगता येणार नाही.)

व्हिडिओतल्या माणसाने एकच गोष्ट तीनदा बजावली होती. जुनं टोक काढताना किती आटे फिरवले ते मोजा, आणि नवीन बसवताना तेवढेच फिरवा. मी मोठ्याने मोजत होतो. टोक हातात आलं तेव्हा मी ओरडलो, "सतरा!"

नेमकी त्याच क्षणी नंदा, म्हणजे आमची मंडळी, बाल्कनीतून विचारत होती की पेढ्यांचे पुडे किती आणू.

"सतरा? अहो, अख्ख्या दिंडोरीला वाटायचेत का?"

पाच पुरेत, असं मी तिला सांगितलं आणि नवीन टोक बसवायला घेतलं. आता डोक्यात दोन आकडे होते. सतरा पक्के आठवत होते. पाचही पक्के आठवत होते. पाच कशाचे, एवढंच आठवेना. मुलीच्या लग्नाचं काम आहे, कमी पडायला नको, असा विचार करून मी बावीस आटे दिले. नट आवळला, हात धुतले आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवला. टकटक खरंच बंद झाली होती! मी शीळ घालत गाडी बाहेर काढली.

टकटक गेली, पण टायर किंचाळू लागले. गाडी सरळ न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरावं लागत होतं. नंदाने डोळे मिटून स्तोत्र सुरू केलं. नवीन पार्ट आहे, रुळायला वेळ लागतो, असं मी तिला समजावलं. एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला, वर त्याच्या ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. मृणालने हळूच विचारलं, "बाबा, आपण रिक्षा करायची का?"

अकराला पोचायचं होतं, पोचलो पावणेबाराला. द्राक्षबागेला लागूनच त्यांचं घर. घरातले सगळे अंगणात उभे होते. मी रुबाबात वळण घेतलं. गाडीने तिच्या मर्जीने घेतलं आणि रिकाम्या क्रेटच्या थप्पीत शिरली. तीस-चाळीस क्रेट टपावर! मृणालने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. जमलेलं मोडलं, असं मला त्या क्षणी अगदी खरं वाटलं.

मुलाचे वडील रामनाथराव शांतपणे पुढे आले. क्रेट बाजूला करून त्यांनी पुढून गाडीकडे पाहिलं.

"साहेब, एक चाक सुरगाण्याला निघालंय न् दुसरं द्वारकेला."

पाणी नाही, चहा नाही, त्यांनी आधी जॅक आणि पाने मागवले आणि गाडीखाली गेले. मीही मागोमाग शिरलो. आम्ही दोघे, दोघेही पांढऱ्या शर्टात, पाठीवर आडवे.

"किती आटे दिले?"

"बावीस."

"काढताना किती निघाले व्हते?"

"सतरा."

"मंग वरचे पाच कशाचे?"

मला एकदम आठवलं. "पेढ्यांचे," मी म्हणालो.

ते हसायला लागले ते थांबेचनात. गाडीखाली हसायला जागा कमी असते, त्यांचं डोकं दोनदा आपटलं. मग त्यांनी पाच आटे मागे घेतले आणि दोरी धरून दोन्ही चाकं सरळ करून दिली. नाशकात गेल्यावर मशीनवर तपासून घ्यायला बजावलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा कोण नवरीचा बाप न् कोण नवऱ्याचा, हे ओळखता येत नव्हतं. ग्रीस दोघांच्याही कपाळाला लागलं होतं.

चहा झाला, पेढे वाटले, मुलं एकमेकांकडे बघून हसली. मी हात जोडून विचारलं, तुमची काही अपेक्षा असेल तर मोकळेपणाने सांगा.

रामनाथराव गंभीर झाले. "घेणं-देणं काय नाय. पोरगी आमाला लय पसंत हाय. एकच अट. तिला माहेरी आणायचं-न्यायचं आमी बघू, पण गाडी तुमी चालवायची नाय."

मी काही बोलायच्या आत नंदा म्हणाली, "मंजूर. माझ्यासाठीही तीच अट घाला."