शेळ्या विकल्यावर

गुडघे साथ देईनात, तेव्हा आईने शेळ्या विकायचं ठरवलं. आठवडी बाजारात मी तिच्यासोबत गेले होते. व्यापाऱ्याने एकेकीचे दात पाहिले, पाठ दाबून पाहिली. सौदा लवकर जमला, कारण घासाघीस करायचं त्राण आईत उरलं नव्हतं. पण दोऱ्या त्याच्या हातात गेल्या तरी शेळ्या हलेनात. तो ओढू लागला की खुरं रोवून आईकडे बघत त्या ओरडत.

"मावशी, तुम्ही आधी निघा," तो समजुतीने म्हणाला. "तुम्ही दिसताय तोवर ह्या चालायच्या नाहीत."

आई वळून चालू लागली. मला वाटलं, ज्याने माया लावली त्याच्यासाठी शेवटी एवढंच काम उरतं, नजरेआड होण्याचं. उभा जन्म रानात शेळ्यांमागे हिंडून ती थकली नसेल, इतकी त्या चार पावलांत थकलेली दिसली.

चहाच्या टपरीमागे ती थांबली. शेळ्यांचं ओरडणं अजून ऐकू येत होतं.

"आई, चल, एसटी जाईल."

"जाऊ दे. त्यांचा टेंपो हलू दे आधी," ती म्हणाली. मग पत्र्याला टेकून तिने हळूच विचारलं, "हितनं मी दिसत न्हाई न्हवं त्यास्नी?"