सात नंबरचं बूच

आमच्या आत्याला कारखान्यात सगळे 'पाणीवाल्या बाई' म्हणतात. तिच्यासमोर नाही, अर्थात. आम्ही आगीचे बंब बनवतो, आणि बनवलेल्या प्रत्येक बंबातून पाणी नीट येतं की नाही हे पाहायचं काम गेली चाळीस वर्षं तिच्याकडे आहे. बंब मागच्या अंगणात उभा करायचा, टाकी भरायची, पंप सुरू करायचा आणि समोरच्या बंद पडलेल्या बेकरीच्या धुराड्यावर जी पांढरी रेघ आहे, तिथपर्यंत फवारा पोचवायचा. पोचला तर आत्या मान हलवते. नाही पोचला तर ती कुणाचंच ऐकत नाही. माझ्या बाबांचंही नाही, आणि बाबा ऑर्डरी आणतात म्हणून स्वतःला मालक समजतात.

खरे मालक अण्णा, म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी ते मोटारी दुरुस्त करायचे. एकदा त्यांच्या गल्लीतलं कापडाचं दुकान पेटलं. लोक बादल्या घेऊन धावत होते आणि निम्मं पाणी रस्त्यातच सांडत होतं. ते बघून अण्णांचं डोकं फिरलं. सहा महिन्यांत त्यांनी भंगारातल्या एका ट्रकवर शेतातला पंप बसवला. तो आमचा पहिला बंब. आत्या तेव्हा अकरा वर्षांची होती. अण्णांनी नोझल तिच्या हातात दिलं आणि पाण्याच्या धक्क्यानं ती चिखलात सपशेल आडवी झाली. उठली आणि पुन्हा धरलं. तिचा स्वभाव तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

तिचे यजमान, आमचे आतोबा, शाळेत चित्रकला शिकवायचे. बंबाच्या दारांवर अक्षरं रंगवायला म्हणून एका सुट्टीत आले ते आजतागायत इथेच आहेत. रंगाचं सगळं खातं त्यांच्याकडे. दिवसाला ते पंधरा-वीस वाक्यं बोलत असतील, त्यातली दहा ब्रशबद्दल.

रंगकामाची आमची एक पद्धत आहे. पाइपांत रंग जाऊ नये म्हणून प्रत्येक तोंडाला लाकडी बूच बसवायचं. तोंडं अकरा, बुचं अकरा. अण्णांनी लेथवर स्वतः केलेली, पिवळ्या रंगाची, नंबर घातलेली. काम झालं की ती भिंतीवरच्या फळीवर आपापल्या खिळ्याला टांगायची. दुसरी पद्धत अशी, की पाण्याची चाचणी आधी आणि शेवटचा रंग नंतर. नव्याकोऱ्या रंगावर पाण्याचे डाग नकोत, हा अण्णांचा नियम. तो नियम बदलायचं कधी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या सोमवारी सकाळी आत्यानं सहज फळीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. सात नंबरचा खिळा रिकामा होता.

सात नंबरचं बूच बसतं टाकीच्या आत, तळाला, जिथून पाणी पंपाकडे जातं. ते तिथेच राहिलं, तर टाकी काठोकाठ भरलेली असूनही पंपाला थेंब मिळणार नाही. आणि तो बंब शनिवारीच गेला होता, चार तासांवरच्या एका गावाला.

"सात कुठंय?" आत्यानं विचारलं.

"मी अकराही काढली," आतोबा म्हणाले.

"मग खिळ्याला का नाही?"

"काढली आणि टेबलावर ठेवली. पुढचं मला माहीत नाही."

आम्ही टेबलाखाली पाहिलं, रंगाच्या डब्यांमागे पाहिलं, भुशाची पोती उपसली. अण्णा त्यांच्या खोलीत होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या जिवाला उगीच घोर नको, असं आत्या म्हणाली आणि मीही शहाण्यासारखी मान डोलावली.

तिनं त्या गावच्या अग्निशमन केंद्राला फोन लावला. "तुमचा नवा बंब ना?" पलीकडचा माणूस म्हणाला. "आत्ताच गेला की. लाकडाच्या वखारीला आग लागलीय. जुनी गाडी चालू होईना, म्हणून नवीच काढली."

बंबाची तिथली रीतसर चाचणी बुधवारी व्हायची होती. तोवर तो नुसता भरून उभा राहणार, असं आम्ही धरून चाललो होतो. आत्यानं त्याला बुचाचं सांगितलं. कळवतो, म्हणाला. त्यानंतर तो फोन कुणी उचललाच नाही.

गाडी मी चालवली. आत्या माझ्या शेजारी, आतोबा मागे. पहिला तासभर तिनं त्यांना सोडलं नाही.

"तुमचं लक्ष असतं कुठे? बेचाळीस वर्षं तेच काम करताय."

"मी काढली," आतोबा म्हणाले.

"वखारीत माणसं झोपतात, अहो. पंप सुरू करतील आणि नुसती हवा येईल. त्या पोरांनी काय करायचं, फुंकर मारायची?"

आरशात मला आतोबा दिसत होते, खिडकीबाहेर बघत, अंगठ्यानं नखावरचा लाल रंग खरवडत. मला त्यांची दया यायला हवी होती. खरं सांगायचं तर मलाही त्यांचाच राग आला होता. अर्ध्या वाटेत आत्याचा आवाज खाली आला. "कुणाला काही झालं असेल तर मी त्या अंगणाला कुलूप लावीन," ती म्हणाली. "कागदांवर पाण्यासाठी सही माझी आहे, रंगासाठी नाही."

केंद्राचं फाटक उघडं होतं. आमचा बंब आवारात उभा होता, चिखलानं माखलेला, एका बाजूनं काजळी धरलेला. जमिनीवर ओले होज पाइप पसरले होते आणि सातआठ जण पायरीवर बसून चहा पीत होते. आत्या गाडी थांबायच्या आतच उतरली.

"पाणी आलं?" तिनं विचारलं.

त्यांचा प्रमुख उभा राहिला. भुवया जळलेल्या, चेहरा काळा. "आलं म्हणजे? अडीच तास मारलं, बाई. टाकी संपली की हौदावरून भरून घेत होतो. पंप एकदाही अडखळला नाही. मागच्या खोलीत दोन कामगार होते, ते चालत बाहेर आले." मग त्याला आठवलं. "फोनवर बुचाचं काहीतरी म्हणत होतात ना? आमचा फोनवाला पण नंतर आगीवरच आला, माणसं कमी होती."

आत्याचा जीव भांड्यात पडला. तिनं टाकीच्या ओल्या पत्र्यावर तळहात टेकला आणि बराच वेळ काढला नाही. मी सरळ त्या पोरांशेजारी पायरीवर बसले आणि कुणीतरी दिलेला चहा प्यायले. इतका पांचट चहा मला इतका गोड कधी लागला नव्हता.

पण आत्या ती आत्याच. तिनं टाकीचं झाकण उघडायला लावलं आणि एकसष्टाव्या वर्षी, टॉर्च घेऊन, स्वतः आत उतरली. बाहेर आली ती गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"नाहीये," ती म्हणाली.

"सांगितलं होतं," आतोबा म्हणाले. एवढंच.

संध्याकाळी परतलो तर अण्णा वर्कशॉपच्या दारात स्टूल टाकून बसले होते. पायाशी वर्तमानपत्राचा कागद, त्यावर एक नवंकोरं पिवळं बूच वाळत ठेवलेलं.

"सात नंबरला तडा गेला होता," ते म्हणाले. "शनिवारी टेबलावर दिसलं. म्हटलं, दुसरं करू. आज रंग दिला. दिवसभर होतात कुठे सगळे?"

आत्या त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली आणि रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. रडता रडताच तिनं सगळं सांगितलं, वखार, फोन, टाकी. अण्णांनी ऐकून घेतलं.

"मला विचारायचं होतं," ते म्हणाले. "मी पलीकडच्याच खोलीत होतो."

अलीकडे आम्ही अण्णांना जेवलात का, एवढंच विचारतो.

आत्यानं डोळे पुसले. "अण्णा, एक विचारू? रंगानंतर पुन्हा एकदा पाणी मारलं तर? डाग पडतील, पण..."

"मार की. मी आधी तसंच करायचो."

"मग नियम?"

"नियम कसला? एक गिऱ्हाईक डागांवरून फार कटकट करायचं. त्याच्यापुरतं उलटं केलं. त्याला जाऊन तीस वर्षं झाली. तुम्ही तेच धरून बसलात, मला वाटलं तुम्हाला आवडतं."

आतोबा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, तेव्हा आत्या उठून त्यांची पाठ चोळू लागली. "चुकलं माझं," ती म्हणाली. चाळीस वर्षांत हे दोन शब्द आम्ही तिच्या तोंडून ऐकले नव्हते. आतोबांनी नुसती मान हलवली, धुराड्यावरच्या रेघेला पाणी पोचल्यावर ती हलवते तशी.

पुढचा बंब रंगवून झाल्यावर आत्यानं अंगणात उभा केला आणि मनसोक्त पाणी मारलं. लाल रंगावर पांढरे डाग पडले. आतोबा फडकं घेऊन ते पुसत होते. अण्णांना आम्ही खुर्चीसकट फळीपाशी नेऊन बसवलं होतं, आणि बुचं ते एकेक मोजून खिळ्याला लावत होते.