बर्निसचं दुसरं रिव्हॉल्व्हर

बर्निस होवानेक कोल्ड रन गावच्या शाळेत बावीस वर्षं स्वयंपाकघरात होती. पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत खाणी बंद पडल्यावर जी गावं उरली, त्यातलंच हे एक. बटाट्याचं भरलं पोतं ती कुणाला हाक न मारता उचलायची, पण तिचे पंजे इतके लहान की हातमोजे घ्यायला गेली की दुकानदार तिला शाळकरी मुलींच्या मापाकडे पाठवायचा. तिचा नवरा ऑगी लग्नाच्या दिवसापासून या पंज्यांवरून तिची थट्टा करत आला होता. अंगठी घालताना त्याने पाद्र्यासमोर विचारलं होतं, "बोट कुठाय?" तेव्हा सगळं चर्च हसलं होतं. बर्निसही हसली होती.

ऑगी खाणीतून निवृत्त झाला आणि गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात रेंजचा, म्हणजे गोळीबाराच्या मैदानाचा, अधिकारी झाला. पगार नव्हता, पण नारिंगी जाकीट होतं. रविवारी ते चढवून तो नेमबाजांच्या ओळीच्या मागे फिरायचा, "थांबा" म्हणाला की सगळे थांबायचे, आणि शेवटी भोकं पडलेला नेमाचा कागद हातात घेऊन तोच गुण वाचून दाखवायचा. तीस वर्षं जमिनीखाली दुसऱ्याचे हुकूम ऐकलेल्या माणसाला ते जाकीट फार गोड लागलं होतं.

बर्निस अठ्ठावन्न वर्षांची झाली त्या रविवारी तो तिला रेंजवर घेऊन गेला. त्याचे दोस्त स्टश आणि क्लेम आधीच येऊन बसले होते. क्लेम क्लबाचा अध्यक्ष. ऑगीने तिच्या हातात फोर्टी-फोर मॅग्नम रिव्हॉल्व्हर ठेवलं. आखूड नळीचं आणि वजनाला अगदी हलकं. अस्वलांच्या रानात जाणारे लोक नाइलाज म्हणून कमरेला लावतात तसलं.

"बायकांसाठी खास हलकं बनवलंय," तो म्हणाला. "धर आणि ओढ चाप."

आत काडतुसं भरताना त्याने सगळ्यात जबर निवडली होती. बर्निसने चाप ओढला, रिव्हॉल्व्हर उसळून मागे आलं आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी तिच्या कपाळात रुतली. ती खाली बसली. रक्त डोळ्यात उतरलं. तिला आधी ऐकू आलं ते हसणं. मग दिसला तो क्लेमचा फोन, तिच्याकडे रोखलेला.

कपाळाला तीन टाके पडले. पुढच्या शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नेहमीचं तळलेल्या माशांचं जेवण होतं. तिथे तो व्हिडिओ टेबलाटेबलावर फिरला. मुख्याध्यापक हसले. तिच्याच स्वयंपाकघरातल्या दोघी तोंडावर रुमाल धरून हसल्या. ऑगी सगळ्यांना सांगत होता, "आमच्या हिला दुसरी गोळी लागतच नाही. पहिलीतच आडवी."

"पुन्हा जाणार का गं?" कुणीतरी विचारलं.

"ती?" ऑगी म्हणाला. "तिला लाटणं दे हातात. तिचं मॅग्नम तेच."

बर्निसने कोबी-शेवयांची प्लेट संपवली, घरी आली आणि भांडी घासली. पुढच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर ती एकटीच गाडी काढून शेजारच्या तालुक्यात डेलमारच्या दुकानात गेली.

डेलमार म्हातारा होता. त्याने तिच्या कपाळाकडे पाहिलं.

"कशासाठी हवंय, बाई?"

"कागदाला भोकं पाडायला. रविवारी, रेंजवर."

"पर्समध्ये ठेवायचं नाही? रानात न्यायचं नाही?"

"नाही."

"मग हलकं विसरा. जे अंगावर वागवायचं नाही ते जड असू दे. झटका लोखंडाने खायचा की तुमच्या मनगटाने, एवढाच प्रश्न असतो." त्याने काउंटरवर मखमलीचा तुकडा पसरला. "मॅग्नमच हवं?"

"मॅग्नमच."

"मग थ्री फिफ्टी-सेव्हन घ्या. त्यात थर्टी-एटची साधी काडतुसंही चालतात. ती स्वस्त आणि मऊ. वर्षभर तीच मारा. हात बसला की अधूनमधून मॅग्नमची जबर. कपाळावर काय झालं?"

"नवऱ्याने हलकं फोर्टी-फोर दिलं हातात. गंमत म्हणून."

डेलमार हसला नाही. "असल्या गमतीची रिव्हॉल्व्हरं माझ्याकडे परत विकायला येतात," तो म्हणाला. "एकदाच वापरलेली."

त्याने एकेक करून नऊ रिव्हॉल्व्हरं तिच्या हातात दिली. प्रत्येक वेळी आधी काडतुसं भरायचं सिलिंडर उघडून रिकामं असल्याचं दोघांनी बघायचं, मग तिने भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या हरणाच्या डोळ्यावर रोखायचं. पहिल्या पाचांत तिचं बोट चापापर्यंत नीट पोचेना. सहाव्याचा चाप इतका कडक की नळी थरथरायची. सातव्याची मूठ डेलमारने स्क्रू काढून बदलली, बारीक लाकडी मूठ लावली, आणि बर्निसचा पंजा त्यावर नेमका बसला. सहा इंची नळी होती, जुनं स्टील, वजन चांगलं अडीच पौंडांच्या वर. आठवं आणि नववं तिने फक्त त्याचं मन राखायला हातात घेतलं.

त्यानंतर तिचे गुरुवार ठरून गेले. ती डेलमारच्या ओळखीने त्याच तालुक्यातल्या एका रेंजवर जाऊ लागली. पहिले चार महिने नुसती थर्टी-एट. मग शेवटच्या सहा गोळ्या मॅग्नमच्या. ते जड लोखंड हातात उचल खायचं आणि परत जागेवर यायचं, आणि पंचवीस यार्डांवरच्या कागदावर तिच्या तळहाताएवढ्या जागेत सहा भोकं पडायची. त्या वर्षी ती घरात गुणगुणायला लागली होती. ऑगीला वाटलं बाई चर्चच्या गायनात शिरली.

तिने ते लपवलं नव्हतं, फक्त सांगितलं नव्हतं. एक गोष्ट ऑगीनेही सांगितली नव्हती. हिवाळ्यापासून त्याची नजर जात होती. समोरचा मधला भाग पुसल्यासारखा, कडेकडेने तेवढं दिसायचं. डॉक्टरांचं पत्र बर्निसने त्याच्या खणात वाचलं होतं: परत येणारी नजर नव्हती ती. कॉफी तो कपाबाहेर ओतायचा आणि टेबलाला शिव्या द्यायचा. रेंजवर हल्ली गुण स्टश वाचायचा आणि ऑगी बाजूला उभा राहून मान डोलवायचा. बर्निसला सगळं कळत होतं. ती कुणाकडे बोलली नाही. जाकीट गेलं तर हा माणूस उरणार नाही, एवढं तिला समजत होतं.

ऑगस्टमध्ये ती चार दिवस बहिणीकडे गेली. परत आली तर तिच्या कपाटातली रिव्हॉल्व्हरची पेटी रिकामी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऑगीच्या रायफलीवर नवीकोरी दुर्बीण बसवलेली, भली मोठी.

"माझं रिव्हॉल्व्हर कुठाय?"

"तुझं?" ऑगी म्हणाला. "मला वाटलं कुणी विसरून गेलंय आपल्याकडे. दिलं बदल्यात. ही बघ, काय काच आहे. हरणाच्या पापण्या मोजाव्यात."

"कुणाला दिलंस?"

"ओहायोचा एक व्यापारी आला होता, त्याला. गेला तो. अगं, त्याची मूठ बघून तो म्हणाला, हे कुठल्या पोरीचं खेळणं? मी म्हटलं, पोरीचं नाही, आमच्या म्हातारीचं." तो हसला आणि दुर्बिणीला डोळा लावला, तोही कडेने, मान वाकडी करून.

बर्निसने प्रवासाची बॅग उघडली, कपडे काढून धुवायला टाकले आणि जेवायला वाढलं. ती भांडली असती तर ऑगीला बरं वाटलं असतं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी क्लबात रिव्हॉल्व्हरची स्पर्धा होती. बर्निस सगळ्यांसाठी जेवणाचा मोठा ट्रे घेऊन गेली. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. शेवटची फेरी झाली, बंदुका खाली ठेवल्या गेल्या, आणि कागद आणायला माणसं फळ्यांकडे निघाली. बर्निसही गेली. तिने एक कागद आणला आणि ओळीच्या मधोमध, वीसेक माणसांच्या देखत, ऑगीच्या हातात दिला.

"ऑगी, हा तू वाच."

"स्टश वाचेल. माझे हात भरलेत."

"तुझी शिट्टी दे, मी धरते. तू वाच. अधिकारी तू आहेस ना?"

स्टश पुढे झाला तर तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो थांबला. ऑगीने कागद लांब धरला, जवळ आणला, मान डावीकडे वळवली. त्याचा कान लाल झालेला तिने पाहिला. त्या क्षणी तिला थांबता आलं असतं. हे तिने पुढे स्वतःशी कधी नाकारलं नाही.

"ब्याण्णव," ऑगी म्हणाला. "एक डावीकडे गेलीय, पण हात चांगला आहे. ब्याण्णव."

बर्निसने कागद घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. त्याच्यावर एकही भोक नव्हतं. गठ्ठ्यातून काढलेला कोरा कागद होता.

कुणी हसलं नाही. क्लेम जवळ आला, खालच्या आवाजात म्हणाला, "ऑगी, किती दिवस झाले?" आणि उत्तराची वाट न पाहता त्याने जाकिटाची चेन स्वतःच खाली ओढली, लहान मुलाचा कोट काढावा तशी. "आमची माणसं तुझ्यापुढे उभी असतात रे," तो म्हणाला.

गाडीकडे जाताना बर्निसने हात पुढे केला. ऑगीने किल्ल्या दिल्या. लोकांच्या जिवाचा प्रश्न होता, असं ती नंतर विचारणाऱ्यांना सांगायची, आणि ते खरंही होतं. पण तिने ते त्यासाठी केलं नव्हतं.

स्टश दोनदा येऊन गेला, मग यायचा थांबला. क्लेम आलाच नाही. ऑगी रेडिओपाशी बसून राहायचा. एक गोष्ट मात्र त्याची शाबूत होती, बोटं. दाराची बिजागरी, मिक्सरचं पातं, शेजाऱ्याच्या गवत कापायच्या यंत्राचा पट्टा, काहीही हातात दिलं की चाचपून तो बिघाड बरोबर सांगायचा. खाणीत अंधारात यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. शेजारी वस्तू घेऊन येऊ लागले, आणि तेवढा वेळ तो ताठ बसायचा.

नोव्हेंबरमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बंदुकांचं प्रदर्शन भरलं. "मीही येतो," ऑगी म्हणाला. "घेताना हात लावून बघतो. तुझं गेलं ते माझ्यामुळे." माफीच्या जवळपास जाणारं असं काही तो पहिल्यांदाच बोलत होता. बर्निसने त्याला कोट दिला.

एका परगावच्या विक्रेत्याच्या टेबलावर दोन थ्री फिफ्टी-सेव्हन तिला पटली. एक ओबडधोबड, करडं. दुसरं गडद निळं पॉलिश केलेलं, सहा इंची नळी, देखणं. ऑगीने विचारून दोन्ही हातात घेतली. नळीमागचा घोडा अंगठ्याने हळूहळू मागे ओढला, सिलिंडर दोन बोटांत धरून हलवलं, कान जवळ नेला.

"करडं घे," तो तिला हळूच म्हणाला. "निळं घेऊ नकोस. सिलिंडर डुलतंय. घोडा पुरता मागे आला तरी ते जागेवर बसत नाही. गोळी नळीच्या कडेला घासेल, शिसं उडेल बाजूला."

त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी तजेला आला होता. बर्निसने तो पाहिला. विक्रेत्याला म्हणाली, "निळं द्या."

"बर्नी, मी सांगतोय ना."

"तुला दिसत नाही, ऑगी. त्याच्यावर ओरखडासुद्धा नाहीये." आणि तिने कागदपत्रं भरायला घेतली.

पहिल्याच रविवारी क्लबाच्या रेंजवर, तिच्या चौथ्या गोळीला, शेजारी उभ्या असलेल्या स्टशने गाल धरला. शिशाचा बारीक कण घुसला होता, रक्ताचा थेंब आला. क्लेमने तिचं रिव्हॉल्व्हर घेऊन सिलिंडर हलवून पाहिलं. "हे बंद ठेव, बर्निस. कारागिराला दाखव. घेताना कुणी हात लावून पाहिलं नाही का?"

"नाही," ती म्हणाली.

ती घरी आली तेव्हा ऑगी दाराशीच उभा होता.

"कसं चाललं?"

"छान."

"कुणाला काही लागलं नाही? शिसं बिसं?"

"काही नाही. घड्याळासारखं चालतं."

 ऑगीने उजव्या हाताची बोटं डाव्या तळहातावर घासली, एकेक करून, जणू ती कुणा दुसऱ्याची होती. "मला वाटलं होतं, डुलतंय ते," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा माणूस बंद पडलेला पाण्याचा पंप घेऊन आला. ऑगीने हात मागे घेतले. "मला नाही कळत आता त्यातलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला दाखव." बर्निस ओट्याशी बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही.