रेतीखालचा क्रूस

नव्वदीच्या दशकात अबुधाबीजवळच्या एका बेटावर मी स्टोअरकीपर होतो. आमच्या कंपनीनं तिथल्या उत्खननाला माणसं पुरवली होती, त्यांतली बरीचशी माझ्यासारखीच वसईची ख्रिस्ती. एका सकाळी रेतीतून चर्चची भिंत वर आली आणि तिच्यावर चुन्याच्या गिलाव्यात कोरलेला क्रूस. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा, असं उत्खननाचे साहेब म्हणाले. म्हणजे पोर्तुगीज वसईला पोचायच्या कितीतरी आधीचा! आधी दुबईत असताना अल कुसैसच्या खोलीवर मला ‘पोर्तुगिजांनी बाटवलेला’ म्हणून चिडवणाऱ्यांची तोंडं आठवून मी मनसोक्त हसलो.

माझ्याच गावचे एक सुतारकाका आमच्यात होते. वसईला मे महिना आला की गावचा क्रूस ऑइलपेंटनं रंगवतात, मग संध्याकाळी त्याच्यापुढे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. काका पांढऱ्या रंगाचा डबा मागायला स्टोअरमध्ये आले.

“क्रूस बघ कसा मळलाय. दोन हात मारतो, खलास.”

“काका, रंगानं कोरीवकाम बुजेल. नाही देणार.”

“तू ख्रिस्ती आहेस ना रे?”

“आहे, म्हणूनच नाही देणार.”

मी डबा कुलपात टाकला. मेसमध्ये काका माझ्याशेजारी बसेनासे झाले. वाईट वाटलं, पण किल्ली मी खिशातून काढली नाही.

उन्हाळा तोंडावर आला. खारा वारा गिलावा खाऊन टाकील म्हणून साहेबांनी क्रूस कापडात गुंडाळून, चाळलेल्या रेतीनं पुन्हा झाकायला सांगितला. मुकादमानं अरबीमिश्रित हिंदीत हुकूम सोडला, “यल्ला, क्रॉस को दफना दो!”

त्या एका शब्दानं घात केला. आमच्या वसईकरांनी फावडी खाली ठेवली.

“दफन? तो काय मेलाय?” काका माझ्यावरच उखडले. “गावात कळलं तर तुझ्या आईशेजारी कोणी उभं राहणार नाही.”

“कळू दे. रेतीनंच जपलाय त्याला इतकी वर्षं. तुमच्या ब्रशाखाली एक उन्हाळा टिकला नसता.”

मी रागानं, आणि थोड्या भीतीनंही, फावडं उचललं आणि एकट्यानंच रेती लोटायला लागलो. काका पाठ फिरवून उभे राहिले.

मे महिन्यात सुट्टीवर गेलो तोवर बातमी गावभर झाली होती. गावचा क्रूस ताज्या रंगानं चकाकत होता. रोझरीला आईच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या, आणि ती मान ताठ ठेवून उभी होती. मी तिच्याशेजारी गुडघे टेकले आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात प्रार्थना सुरू केली.