देव्हाऱ्यातला कोंबडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. इथे इंग्लंडात, लीड्समध्ये सांगावं असं माणूसच नाही, हे एक — पण ते खरं कारण नव्हे.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. इथल्या एका गॅलरीत मी रेनेसाँसच्या काळातली, पाचशे वर्षांपूर्वीची छापचित्रं समजावून सांगते — लाकडात कोरून कागदावर उमटवलेल्या येशूच्या गोष्टी. ‘ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी ही होती,’ हे मी रोज म्हणते. माझ्या आईला वाचता येत नाही, हे तिथे कधी म्हटलं का?

त्या हिवाळ्यात आई आली होती. नऊवारीवर माझा कोट, मोज्यांवर चपला. मी ग्रुपला एक चित्र दाखवत होते — येशूला पकडून नेलंय, त्याचा शिष्य पीटर अंगणात शेकत बसलाय. मोलकरीण विचारते, तू त्याच्याबरोबरचाच ना? तो म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. भिंतीवर कोंबडा, आरवायच्या बेतात — तो आरवायच्या आत तू मला नाकारशील, असं येशूने पीटरला आधीच सांगितलेलं.

आई पुढे आली. चपला काढल्या, हात जोडले आणि काचेवर कपाळ टेकलं. देवाचं चित्र — ती दुसरं काय करणार? कुणीतरी हसलं. मॅनेजर धावत आली. “इज शी विथ यू?”

मी — मी “नो” म्हटलं.

एवढं इंग्रजी आईला येतं. तिने चपला घातल्या आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. कोंबडा आरवल्यावर पीटर बाहेर जाऊन रडला होता. मी ग्रुपला घेऊन पुढच्या चित्राकडे गेले.

बसमध्ये तिने विचारलं, “त्यो शेकत बसलेला कोन गं?”

“देवाचा भक्त.”

“आन् ती बाई काय इचारती त्याला?”

“जेवलास का, म्हणून.”

“बरी हाय बाई. परक्या गावात कोन इचारतंय?”

पीटरला जिवाची भीती होती. मला कसली होती? नुसती लाज वाटली — तिच्या कपाळाची, चपलांची.

गॅलरीच्या दुकानातून मी त्या चित्राचं कार्ड आणून दिलं. ते आता गावी तिच्या देव्हाऱ्यात आहे, कोंबड्यालाही हळदकुंकू. त्या ‘नो’बद्दल ती कधी बोलली नाही. मीही नाही.

रविवारी व्हिडिओ कॉल लावते. तिच्या मागे तो शेकत बसलेला दिसतो.

“जेवलीस का गं?” ती विचारते.

मी हो म्हणते. बहुतेक वेळा जेवलेली नसते.