काचेखालची आई

काचमामीच्या हातात कात्री असली की घरातला कुठलाही चेहरा सुरक्षित नसायचा. कॅलेंडरवरचे देव, साबणाच्या वेष्टनावरची बाई, सगळ्यांना ती गोल कापायची, इतवारी बाजारातून आणलेल्या चपट्या काचेच्या गोट्याखाली पांढऱ्या डिंकानं चिकटवायची आणि मागे चुंबक लावायची. गोटा मोठा असला तर त्याचं पेपरवेट. ही माझी सख्खी मामी. नागपुरात नंदनवन भागात राहायची आणि स्वतःला कलाकार समजायची.

कला कसली, डोंबलाची. चित्रात हवेचे फुगे, कडेला डिंकाचे ओघळ. चुंबकं अशी की विजेचं बिल सोडा, स्वतःलाही धरून ठेवत नसत; फ्रिजवरून सरळ खाली घसरत. "मामी, गणपतीच्या डोळ्यात फुगा आहे," म्हटलं की ती म्हणायची, "तुले फुगाच काहून दिसते गा? गणपती दिसून नाही राहिला का?" आम्ही ती वस्तू घरी आणायचो आणि ड्रॉवरमध्ये टाकायचो.

लग्नपत्रिका आली की मामांनी वाचायच्या आधी तिच्यावरचा गणपती कापलेला असायचा. एकदा त्या गणपतीच्या पाठीमागेच मंगल कार्यालयाचं नाव होतं. दोघं अंदाजानं भलत्याच कार्यालयात गेली, आहेर दिला, पोटभर जेवली आणि निघताना लक्षात आलं की नवरदेव ओळखीचा नाही. मामीचं म्हणणं एवढंच, "जेवण मस्त होतं बापा." असल्या बाईला काय शिकवायचं?

हे सगळं मी हसून सोडलंही असतं. पण आई गेली आणि तिचा हसरा फोटो एकच उरला, मोबाइल यायच्या आधीचा. बाकी सगळ्या फोटोंत ती आधार कार्डावर असते तशी. त्या फोटोची कॉपी काढून ठेवायचं मलाही सुचलं नव्हतं, ते सोडा. मामीनं तो अल्बममधून परस्पर नेला आणि वर्षश्राद्धाला पेपरवेट करून माझ्या हातात ठेवला. काचेखाली नुसता पांढरा थर. आई कुठेच नव्हती.

मामीचा सगळा माल मे महिन्यात गच्चीवर, कुरड्यांच्या शेजारी सुकायचा. हे मात्र तिनं भर श्रावणात केलं, तेही गुळगुळीत फोटोवर, आणि डिंक दुप्पट, कारण नणंदेसाठी हात आखडता कसा घ्यायचा. "धीर धर गा, दिसन," ती म्हणाली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुले अक्कल नाही मामी. माह्या आईले तू दुसऱ्यांदा घालवलं." ती वाढलेल्या पानावरून उठून गेली. श्राद्धाचं जेवण तिनं कधी चुकवलं नव्हतं.

नंतर मी तिचे फोन घेतले नाहीत. जानेवारीत ती अचानक गेली. तेरवीलाही मी गेलो नाही, ऑफिसचं कारण सांगितलं.

पेपरवेट बायकोनं पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं होतं. मे महिन्यात नागपूरचं ऊन त्याच्यावर तापायला लागलं आणि डिंक सुकून कडेकडेनं पांढरेपणा हटत गेला. आधी पदर, मग कान, आणि एका दुपारी आई हसताना दिसली. गालावर फुगा होताच. मला रडू आलं आणि मामीचा रागही आला. डिंकातलं एवढं कळत होतं तर त्या दिवशी भांडायचं होतं माझ्याशी.

पेपरवेट घेऊन नंदनवनात गेलो. मामांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं.

"जायच्या आदल्या दिवशीही विचारून राहिली होती," ते म्हणाले, "त्याले त्याची माय दिसली का म्हणून. मी सांगून टाकलं, दिसली. तो फोन करणार आहे तुले."