सांतानाच्या डोंगरवाटेवर आलेली गाडी

दोन वर्षं मी देवाशी एक शब्दही बोलले नव्हते. बाहेरून कुणाला ते कळलं नसेल. इंग्लंडात, वॉटफर्डमधल्या आमच्या मंडळींच्या दत्तजयंतीला मी जायचे, सुंठवडा वाटायचे, आरतीत ओठ हलवायचे. आत मात्र काहीच नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं. माणूस रागावतो तेव्हा निदान समोर कुणीतरी आहे असं धरून चालतो.

मी भूलतज्ज्ञ. तीसेक वर्षं इथल्या हॉस्पिटलांत लोकांचे श्वास सांभाळले. ह्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला तेव्हा मी माझ्या स्वभावाप्रमाणे सगळं हातात घेतलं. स्कॅन, दुसरं मत, तिसरं मत, औषधांचे डोस, आणि रोज पहाटे दत्ताच्या नावाची माळ. माळसुद्धा मी डोस मोजल्यासारखीच ओढत होते. शेवटच्या आठवड्यात हे दोनदा म्हणाले, “आता पुरे कर गं, जवळ बस जरा.” मी म्हणायचे, “आलेच, एक फोन करून येते.” ते गेले तेव्हा मी वॉर्डाबाहेर, कॉरिडॉरमध्ये, फोनवरच होते. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. लेकीलाही नाही.

आमची लेक रेवा इथेच जन्मली, इथेच वाढली. आमच्या देवघरात माझ्या सासूबाईंचा शाळिग्राम आहे, आत शंखासारखी वेटोळी उमटलेला. आठ वर्षांची असताना ती तो हातात घेऊन ह्यांना म्हणाली होती, “बाबा, याच्या आतमध्ये कोण राहत होती?” मी दटावणार इतक्यात हे खो खो हसले आणि दुसऱ्या दिवशी तिला लायब्ररीत घेऊन गेले. तिथून जे वेड लागलं ते तिला थेट जीवाश्मांच्या अभ्यासापर्यंत घेऊन गेलं. गेल्या वर्षी ती सहा महिन्यांसाठी ब्राझीलला गेली. ईशान्येकडच्या सिआरा प्रांतात, एका लांबलचक पठाराच्या कुशीत, सांताना दो कारिरी नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे. मार्चमध्ये तिचा फोन आला.

“आई, तू एकटी बसून काय करते? इकडे ये. माझी काम बघ. इथली लोक खूप छान आहे. आय मीन इट.”

जायचं मन नव्हतं. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो आणि तोही उरला नव्हता. म्हणून गेले.

दोन विमानं बदलून आणि मग जीपने दीड-दोन तास हादरे खात गावात पोचले तेव्हा दुपार होती. खरं सांगते, मला वाटलं होतं रखरखीत माळ असेल, तंबू असतील. पण पावसाचे दिवस होते. पठाराचा कडा भिंतीसारखा सरळ उभा आणि त्याच्या पायथ्याशी सगळं हिरवंगार. आंब्याची आणि काजूची झाडं, अंगणात कोंबड्या, एकमेकांना खेटून उभी निळी-पिवळी-गुलाबी बैठी घरं. प्रत्येक ओसरीत टांगलेली झोळी आणि तिच्यात कुणीतरी निवांत पडलेलं. गावातल्या चौकाची फरसबंदी फिकट पिवळ्या दगडाची, आणि रेवाने पहिल्याच संध्याकाळी मला वाकून बघायला लावलं तर एका फरशीत बोटाएवढा मासा, दगड झालेला. लोक त्यावरून चालत होते, सायकली जात होत्या. “ते म्हणतात, खूप आहे, किती म्हणून जपणार?” रेवा म्हणाली. मला मात्र पाय उचलून घ्यावासा वाटला.

तिथले लोक पाहून मी थक्क झाले. भाषेचा गंध नाही, तरी कुणी मला परकं वाटू दिलं नाही. घरमालकीण सकाळी मक्याच्या रव्याचं वाफवलेलं काहीतरी आणायची, आपल्या उपम्याच्या जवळचं, आणि मी पहिला घास खाईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहायची. बाजारात गेले तर समोर गूळ! आपल्यासारख्या गोल ढेपा नव्हत्या, चौकोनी विटा होत्या, पण वास तोच. मी ती वीट नाकाशी धरून उभी राहिले तेव्हा दुकानदारीण हसली आणि एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. नागपूर सोडल्यापासून इतक्या सहजपणे कुणी माझ्या तळहातावर काही ठेवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रेवाने मला तिच्या कामाच्या जागी नेलं. म्युझियमच्या मागच्या पडवीत दगडांचे ढीग होते. नदीतल्या गोट्यांसारखे, लांबट. तिने एक निवडला, छिन्नी लावली, हलकेच दोनचार ठोके दिले, आणि आंबा फोडावा तसा तो दोन फाकींत उघडला. आत मासा होता. खवल्याला खवला लागलेला, डोळ्याची खोबण, किंचित उघडं तोंड. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ पाणी होतं, हा त्यात मेला, तळाच्या गाळात बसला आणि त्याच्याभोवती दगड धरत गेला, असं ती सांगत होती.

“आई, आपण दोघी पहिल्या आहे. याला अजून कोणी बघितलंच नाही.”

तिचा चेहरा असा उजळला होता की मी माशाऐवजी तिच्याकडेच बघत राहिले. इतकी वर्षं कुणी बघणारं नव्हतं, तरी एक खवला इकडचा तिकडे झाला नव्हता. हे कुणी सांभाळलं, असा प्रश्न मनात आला. मी तो पुढे जाऊ दिला नाही. पण आला एवढं खरं.

पाचव्या दिवशी सकाळी तिच्या एका सहकाऱ्याने आम्हाला जीपने डोंगरउतारावर सोडलं. दुपारी बाराला न्यायला येतो म्हणाला. पठारावर मुरलेलं पाणी त्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं आणि झऱ्याकाठच्या गर्द झाडीत एक पक्षी राहतो, तो जगात दुसरीकडे कुठेच नाही. तासभर आम्ही शेवाळलेल्या दगडावर न बोलता बसलो. मग तो दिसला. चिमणीपेक्षा थोडा मोठा, पांढराशुभ्र, काळे पंख, आणि माथ्यापासून पाठीपर्यंत गंध ओढावं तसा लालभडक पट्टा. पाण्यावरच्या फांदीवर क्षणभर बसला आणि गेला. रेवाने माझा हात घट्ट दाबला. इतकं निर्मळ सुख मला फार दिवसांनी झालं होतं.

परतताना ती पुढे होती. एका खडकाच्या कपारीला तिने आधारासाठी हात लावला आणि आतून गुंऽऽ असा आवाज उठला. मधमाश्या. “पळ, आई!” ती ओरडली. आम्ही धावत कच्च्या रस्त्यापर्यंत आलो. मला आठ-दहा ठिकाणी डंख झाले होते. तिच्या मानेवर, डोक्यात, हातांवर तीस-चाळीस तरी असतील. मी नखाने काटे खरवडून काढत होते तेवढ्यात ती म्हणाली, “आई, माझा गळा विचित्र वाटते.” आवाज घोगरा झाला होता.

त्यानंतर काय होणार हे मला पाठ होतं. तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला. मी तिला आडवं केलं, पाय उचलून माझ्या मांडीवर घेतले. नाडी सुतासारखी लागत होती. हॉस्पिटलात अशा वेळी हात पुढे केला की कुणीतरी इंजेक्शन ठेवायचं. मी खरोखरच हात पुढे केला. समोर लाल मातीचा रस्ता होता. फोनला रेंज नव्हती. जीप यायला दोन तास होते आणि तिच्याकडे दोन तास नव्हते.

मी प्रार्थना केली असं म्हणणार नाही. प्रार्थनेला थोडी तरी तयारी लागते. तोंडून निघालं ते आमच्या नागपूरकडच्या बोलीत, जी मी घरातही कधीची विसरले होते. “माझ्याच्यानं नाही होत रे बाप्पा. तूच पाह्य आता.” आणि मी तिचा हात धरून बसले. दुसरं काही करायला उरलंच नव्हतं.

गाडी लगेच आली असंही मी म्हणणार नाही. किती वेळ गेला ते कळलं नाही. रेवाचे डोळे मिटायला लागले होते तेव्हा वरून, पठाराच्या बाजूने, इंजिनाचा आवाज आला. एक जुनी पांढरी गाडी वळणावरून खाली उतरली. चालवणारे पिकल्या केसांचे गृहस्थ होते आणि शेजारी फुलाफुलांचा ब्लाउज घातलेली, पंचेचाळिशीची एक ठसठशीत बाई. गळ्यात ओळखपत्र. मागच्या सीटवर निळी बर्फाची पेटी. ती बाई गाडी थांबायच्या आतच उतरली.

“अ‍ॅड्रेनालिन!” मी ओरडले. मला त्यांच्या भाषेतलं काहीच येत नव्हतं.

“अद्रेनालीना,” ती म्हणाली. “टेम, टेम.” आहे, आहे.

ती सरकारी दवाखान्याची परिचारिका होती. पठारावरच्या वस्तीत लस टोचून परतत होती. लसीची कुणाला अ‍ॅलर्जी झाली तर, म्हणून तिच्याबरोबर हे इंजेक्शन ठेवावंच लागतं. तिने बॅग उघडली आणि मी तिच्या हातातली कुपी जवळजवळ हिसकावूनच घेतली. आयुष्यभर सगळं मीच हातात घेत आले होते. पण माझी बोटं इतकी कापत होती की कुपीचं टोक मला मोडता येईना. तिने माझं मनगट धरलं. रागाने नाही, अगदी हळू. कुपी काढून घेतली. रेवाकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, “माँय?”

त्यांच्या भाषेत आईला तसंच काहीसं म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला आपलं माय ऐकू आलं. आमच्या आजोळी सगळे आईला माय म्हणत.

“हो,” मी म्हणाले. “माय.”

तिने रेवाच्या डोक्याशी जागा दाखवली आणि खांदा दाबून मला तिथे बसवलं. मी बसले. लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. त्या गृहस्थांनी तिचे पाय बर्फाच्या पेटीवर ठेवले. परिचारिकेने पँटवरूनच मांडीत सुई दिली. मी डोस विचारला नाही. नाडी मोजली नाही. केसांतून हात फिरवत, लहानपणी म्हणायचे तसं “आहे मी, आहे मी” एवढंच म्हणत राहिले. काही मिनिटांनी तिने दुसरं इंजेक्शन दिलं. मग रेवाच्या छातीतली शीळ हळूहळू बारीक झाली, आणि ती डोळे उघडून म्हणाली, “आई, तू रडू नको. तुझी नाक पण सुजली आहे.”

तालुक्याच्या हॉस्पिटलात तिला एक दिवस ठेवलं. गावात परतल्यावर मी तिला तिच्या बाबांच्या शेवटच्या दिवसाबद्दल सगळं सांगितलं. कॉरिडॉर, फोन, सगळं. ती उठून माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, “बाबाला माहीत होतं ना, की तू त्याच्यासाठीच फोनवर आहे.” एवढं साधं वाक्य मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. तिथल्याच गुळाचे आणि शेंगदाण्यांचे लाडू मी वळून नेले होते. परिचारिकेने एक तोंडात टाकला आणि मोठ्याने हसली. “ती म्हणते, हा तर आमचाच गोड आहे,” रेवाने सांगितलं. मी विचारलं, त्या दिवशी त्या रस्त्याने कशा आलात? ती म्हणाली, नेहमीचा रस्ता दोन दिवसांपूर्वी पावसात खचला होता, म्हणून. झालं, इतकंच. मग मी नाव विचारलं. सोकोरो. रेवाने माझ्याकडे वळून सांगितलं, “आई, त्याची मीनिंग हेल्प आहे. कोणी संकटात हाक मारते ना, तीच वर्ड.” माझ्या अंगावर काटा आला. सोकोरोला ते कळलं असावं. तिने हसत सांगितलं की या भागात प्रत्येक गल्लीत एक तरी सोकोरो आहे. मला त्यात विसंगत काही दिसलं नाही. प्रत्येक गल्लीत असेल तर उत्तमच.

दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंत मधमाशीही आहे, हे मला पूर्वीपासून माहीत होतं. त्या सकाळी तिने मला शिकवलं ते अजून पुरतं उमगलेलं नाही. एक मात्र कळलं. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मी समजत आले होते. पण त्या रस्त्यावर मी हातातली कुपी दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ दिली आणि माझी जी जागा होती तिथे बसले. तेवढंच माझं काम होतं. बाकीचं करणारं कुणीतरी आधीच वाटेला लागलेलं होतं, मी हाक मारायच्याही आधी.

निघताना मला राहवलं नाही. सोकोरो माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तरी मी वाकले आणि तिच्या पायांना हात लावला. तिला वाटलं माझं काही खाली पडलं. तीही पटकन गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली शोधायला लागली. तिथे आमची डोकी एकमेकींवर आपटली.

“आई, ती विचारते, काय हरवली?” रेवा हसू दाबत म्हणाली.

मी फरशीवरून उठलेही नाही. सोकोरोचे दोन्ही हात धरले.

“सांग तिला,” मी म्हणाले, “हरवलं होतं. सापडलं.”